४७ प्रकल्प, एक टेस्ट बेड आणि तीन वर्षांची स्ट्रॅटेजी: आठ महिने घेतलेल्या मार्गदर्शन सेवेबद्दल

कंपनीची स्ट्रॅटेजी आणि प्रकल्प यांची सांगड घालून द्यायला आलेल्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही. चालू प्रकल्पांची यादी छापून आणायला सांगितली होती, ती टेबलावर पसरली आणि मला विचारलं, "यातला कुठलाही एक उद्या बंद केला, तर भांडायला कोण येईल?"

मी यादीवरून बोट फिरवत गेले. ४७ प्रकल्प होते. प्रत्येकाला प्रमुख होता, बजेट होतं, महिन्याचा अहवाल होता. तरी त्यातल्या १९ प्रकल्पांपुढे भांडायला येणारं एकही नाव मला सुचेना. प्रकल्पाचा प्रमुख नक्की आला असता, पण त्याला त्यांनी आधीच वगळायला सांगितलं होतं. त्यांना हवा होता तो माणूस, ज्याचं काम त्या प्रकल्पाच्या निकालावर अडलेलं आहे.

मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत प्रकल्प कार्यालय सांभाळते. माणसं चारशेच्या आसपास, डिझाइनमध्ये ११ इंजिनिअर आणि नवे नमुने चालवून बघायला एकच टेस्ट बेड. हा टेस्ट बेड पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. या कामात मला १४ वर्षं झाली. वेळापत्रक, खर्च, जोखमींची नोंद हे सगळं आमच्याकडे नीट चालतं, आणि त्याचा मला अभिमान आहे. सेवा घेण्याआधीच्या वर्षी दर पाचांतले चार प्रकल्प ठरल्या तारखेला संपले होते.

तरीही वर्षअखेरच्या बैठकीत आमच्या एमडींनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीची तीन वर्षांची योजना आहे, तिच्यातलं पहिलं उद्दिष्ट असं की एकूण उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग विकलेल्या पंपांच्या देखभाल-सेवेतून यावा. वर्ष संपलं आणि त्या आकड्याचा काटा हलला नव्हता. "प्रकल्प वेळेत संपतायत, मग आपण आहोत तिथेच का आहोत?" असं त्यांनी शांतपणे विचारलं. त्या प्रश्नामुळे आम्ही ही सेवा घेतली.

सेवा देणाऱ्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, आणि मला त्या संस्थेपेक्षा या कामाबद्दल बोलायचं आहे. "स्ट्रॅटेजी आणि प्रकल्प यांची सांगड घालून देतो" असं सांगणाऱ्या अनेक सल्लागार संस्था आहेत. त्यांच्याकडून काय मिळू शकतं आणि काय मागून घ्यावं लागतं, ते माझ्या अनुभवातून लिहिते. आमचा करार आठ महिन्यांचा होता. दोन मार्गदर्शक, एक बाई आणि एक गृहस्थ, महिन्यातले चार दिवस आमच्याकडे येत. करारात सुरुवातीची पाहणी, प्रकल्प निवडण्याची पद्धत, प्रकल्पप्रमुखांचं प्रशिक्षण, एक सॉफ्टवेअर आणि दर तिमाहीची आढावा बैठक एवढं होतं.

सगळ्यात मोलाचं काम पहिल्या पंधरवड्यात झालं, आणि ते साधं मोजणीचं काम होतं. बाईंनी भिंतीवर मोठा कागद लावला. एका टोकाला आहे त्या मालात छोटे बदल, मधे नव्या पिढीचा पायाभूत माल, दुसऱ्या टोकाला आजवर न केलेलं काही. स्टीव्हन व्हीलराइट आणि किम क्लार्क यांनी १९९२ मध्ये उत्पादन-विकासाच्या प्रकल्पांची अशी विभागणी मांडली होती. बाईंनी त्यातूनच कल्पना घेतली होती आणि तसं सांगितलंही. आमचे ४७ प्रकल्प चिठ्ठ्यांवर लिहून आम्ही ते एकेक करून लावले. दोन तास लागले. छोट्या बदलांच्या बाजूला ३८ चिठ्ठ्या गेल्या, मधे ७, आणि अगदी नव्याच्या बाजूला २.

मग त्यांनी वेगळ्या रंगाची पेन्सिल दिली आणि सांगितलं, पहिल्या उद्दिष्टाला, म्हणजे देखभाल-सेवेला हातभार लावणाऱ्या चिठ्ठ्यांवर खूण करा. तीन खुणा झाल्या. त्यातली एक आमच्या सेवा विभागाच्या प्रमुखांनी स्वतः पुढे येऊन खोडली. तो प्रकल्प त्यांच्या विभागाच्या नावावर होता, पण प्रत्यक्षात गोदामाच्या मांडणीचा होता. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

त्या दिवशी मला जे दिसलं ते चौदा वर्षांत दिसलं नव्हतं, कारण मी रोज एकेका प्रकल्पाकडे बघत होते. एकेकटा पाहिला तर प्रत्येक प्रकल्प समजण्यासारखा होता: ग्राहकाने मागितलेला फ्लँज, स्वस्त पडणारं सील, जरा कमी आवाजाची मोटर. नाही म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. सगळे मिळून मात्र योजनेत न लिहिलेल्या दिशेला कंपनी ओढत होते. इंजिनिअरांचे तास कुठे जातात ते टाइमशीटमध्ये होतं, योजना फाइलमध्ये होती, आणि या दोन गोष्टी एका टेबलावर कधी आल्या नव्हत्या.

दुसरी मोजणी त्या गृहस्थांनी केली. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा एक नियम आहे. रांगेत सरासरी किती आहेत, याला ठरावीक काळात सरासरी किती बाहेर पडतात या आकड्याने भागलं की एकेकाला सरासरी किती काळ आत राहावं लागतं ते कळतं. आमच्याकडे ४७ प्रकल्प चालू होते आणि वर्षाला साधारण १२ संपत होते. भागाकार चार वर्षांच्या जवळ जातो. म्हणजे स्ट्रॅटेजी तीन वर्षांची आणि तिच्यासाठी आज हाती घेतलेला प्रकल्प, हे असंच चालू राहिलं तर, सरासरी चार वर्षांनी संपणार. "पण आमचे प्रकल्प तर वेळेवर संपतात," असं मी म्हणाले. ते म्हणाले, संपलेले वेळेवर संपले हे खरं, पण न संपलेल्यांची तारीख किती वेळा बदलली ते बघा. मी नोंदी काढल्या. दहा प्रकल्पांची तारीख अधिकृत मंजुरीने दोनपेक्षा जास्त वेळा पुढे गेली होती, त्यामुळे ते माझ्या अहवालात कधीच उशिराचे म्हणून दिसत नव्हते. अहवाल मीच बनवत होते. हे लिहायला आजही जड जातं.

आमच्या सर्वात अनुभवी डिझाइन इंजिनिअरचं नाव नऊ प्रकल्पांत होतं, आणि टेस्ट बेडपुढे तर अकरा नमुने थांबलेले होते. ही मोजणी कोणीही स्वतः करू शकतो. यादी, टाइमशीट आणि एक भागाकार एवढंच लागतं. सेवा घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी ही मोजणी करावी, असं मी प्रत्येकाला सांगते. कदाचित सेवेची गरजच उरणार नाही.

पुढची पायरी होती उद्दिष्टं खाली पोचवण्याची. इथे त्यांनी जपानी कारखान्यांत १९६०च्या दशकात घडलेल्या होशिन कान्री पद्धतीचा आधार घेतला. तिच्यात वरिष्ठ उद्दिष्ट सांगतात, खालचे लोक त्यासाठी काय करता येईल आणि काय नाही ते सांगून परत पाठवतात, मग वरचे त्यात बदल करून पुन्हा खाली देतात. चेंडू टाकावा आणि झेलावा तसं हे चालतं, आणि या देवाणघेवाणीला "कॅचबॉल" हे नावही त्यावरूनच आहे. आमच्याकडे हा चेंडू सहा आठवडे फिरला. मला तेव्हा तो वेळ फार वाटला होता. आता वाटत नाही, कारण "देखभाल-सेवेतून एक तृतीयांश उत्पन्न" या वाक्याचा अर्थ विक्री विभाग एक लावत होता आणि सेवा विभाग दुसरा. विक्रीच्या मते सुटे भाग जास्त विकायचे. सेवेच्या मते पंप बंद पडू द्यायचा नाही, आणि त्याबद्दल ग्राहकाकडून वर्षाचं शुल्क घ्यायचं. या दोन्हींतून निघणारे प्रकल्प एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पंप बंद पडलाच नाही तर सुटे भाग कमी खपणार. तीन वर्षांच्या योजनेत हे वाक्य वर्षभर छापलेलं होतं आणि त्याचा अर्थ ठरलेला नव्हता. एमडींनी दुसरा अर्थ निवडला, सगळ्यांसमोर, कारण सांगून. मग प्रकल्पांची निवड सोपी झाली.

या सगळ्यातून एक पानाचा कागद तयार झाला, आणि सेवेतून आम्हाला मिळालेली तीच खरी वस्तू. डावीकडे उद्दिष्ट. त्यापुढे ते गाठलं जातंय हे कोणत्या आकड्यावरून कळेल. त्यापुढे तो आकडा हलवणारा बदल, मग त्यासाठीचा प्रकल्प, आणि शेवटच्या रकान्यात प्रकल्प संपल्यावर तो फायदा मोजणाऱ्या माणसाचं नाव. हा माणूस प्रकल्पाचा प्रमुख नसावा, अशी अट. शेवटचा रकाना भरायला सर्वात कठीण गेला. आम्ही मागच्या वर्षी संपलेले नऊ प्रकल्प घेतले आणि विचारलं, यातून ठरलेला फायदा मिळाला का? पाचांचं उत्तर मिळालं. चारांबद्दल कोणालाच सांगता येईना. हस्तांतराची सही झाली, प्रकल्पाचा गट पांगला, विषय संपला.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात लिहिते. दोन दिवसांचं होतं आणि ठीक होतं. आमच्यातल्या ज्यांनी प्रमाणपत्राची परीक्षा दिली आहे, त्यांना त्यातलं बरंच माहीत होतं. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पीएमबॉक या मार्गदर्शक पुस्तकाची २०२१ ची सातवी आवृत्ती प्रक्रियांच्या जुन्या चौकटीकडून १२ तत्त्वांकडे आणि मूल्य देण्याच्या विचाराकडे वळली, हे त्यांनी नीट समजावलं. माझ्या तरुण सहकाऱ्यांना सर्वात भिडली ती प्रिन्स-टू पद्धतीतली गोष्ट: प्रकल्पाचं समर्थन सुरुवातीला एकदा लिहून भागत नाही, ते शेवटपर्यंत खरं राहिलं पाहिजे, आणि राहिलं नाही तर प्रकल्प थांबला पाहिजे. हे एवढं पक्कं बसलं असतं तरी दोन दिवस वसूल होते.

याच सत्रात त्यांनी दोन उदाहरणं समोरासमोर ठेवली. सिडनीचं ऑपेरा हाउस: ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज, खर्च १० कोटी २० लाख, उद्घाटन १९७३ मध्ये, ठरल्यापेक्षा दहा वर्षं उशिरा, आणि आज ते त्या देशाची ओळख आहे. दुसरं इरिडियम: पृथ्वीभोवती ६६ उपग्रह फिरवून जगात कुठूनही फोन लावण्याची सोय, इंजिनिअरिंगच्या दृष्टीने थक्क करणारी. व्यावसायिक सेवा नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. उपग्रहांची आखणी होऊन ते वर जाईपर्यंत जमिनीवरचं मोबाइलचं जाळं स्वस्त होत पसरत गेलं होतं. प्रकल्प चालू असताना त्याच्या पायाखालचं गृहीतक सरकलं होतं.

मला इरिडियमचं उदाहरण फार उपयोगी वाटतं, आणि ऑपेरा हाउसचं देऊ नये असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. उशीर आणि खर्च माफ करून घ्यायला ते फार सहज वापरलं जातं. आमच्या पुढच्याच बैठकीत एका विभागाने आपल्या रेंगाळलेल्या कामासाठी ते वापरलंसुद्धा. अशी एक इमारत नजरेत भरते. उशीर होऊन, खर्च वाढून कोणाच्याही उपयोगी न पडलेली कामं मात्र कोणी दाखवायला आणत नाही.

आता प्रकल्प बंद करण्याबद्दल. पहिल्या तिमाही बैठकीत आम्ही २१ प्रकल्प थांबवले. ४७ चे २६ झाले. हे स्वतःच्या बळावर आम्हाला जमलं नसतं, हे मी मान्य करते. बाहेरचं माणूस खोलीत असलं की विभागप्रमुखांना आपला प्रकल्प सोडणं सोपं जातं, कारण ते शेजारच्या विभागापुढे झुकत नसतात. बाईंचं या बाबतीतलं कौशल्य मोठं होतं. कोणाचाही प्रकल्प वाईट आहे असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. "हा केला तर तो होणार नाही, यातला कोणता?" एवढंच त्या विचारत राहिल्या.

पण याच बैठकीत सेवेची सर्वात मोठी चूक झाली. थांबवलेल्यांत एक प्रकल्प होता, एका मॉडेलचं केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, हलकं करण्याचा. काम ७० टक्के झालेलं, वेळेत, बजेटच्या आत. त्याचा प्रमुख आमचा एक तरुण इंजिनिअर, आणि हा त्याचा पहिलाच प्रकल्प. ज्या बाजारासाठी ते मॉडेल होतं त्या बाजारातून हळूहळू बाहेर पडायचं हे ठरल्यावर प्रकल्प थांबवणं बरोबरच होतं. आधी झालेला खर्च बघून पुढचा खर्च करायचा नसतो, हेही पटतं. पण त्या मुलाला ते कळलं बैठकीत, पडद्यावर, लाल रेघ मारलेल्या ओळीतून. त्याला आधी कोणी बोलावलं नाही. मार्गदर्शकांच्या पद्धतीत तसा टप्पाच नव्हता, आणि मीही तो मागितला नाही. पुढचे कितीतरी आठवडे तो कुठल्याही बैठकीत तोंड उघडत नव्हता. नव्या कल्पना ज्या माणसांकडून यायच्या, त्यांनाच आपण गप्प केलं तर मग सांगड कशाची घालायची?

त्यानंतर मी हट्टाने दोन नियम घालून घेतले. थांबवायचा प्रकल्प त्याच्या प्रमुखाला किमान आठवडाभर आधी, समोर बसून सांगायचा. आणि थांबलेल्या प्रत्येक प्रकल्पाचं एक टिपण लिहायचं: काय कळलं, कोणतं काम पुढे वापरता येईल, कोणाला द्यायचं. केसिंगच्या ओतकामाचं जे सिम्युलेशन त्या मुलाने बसवलं होतं ते आज दुसऱ्या दोन प्रकल्पांत वापरात आहे, आणि दोन्हींच्या टिपणात त्याचं नाव आहे.

नवोन्मेषाच्या बाबतीत सेवा निम्मी घसरली आणि मग सावरली. त्यांची निवडीची पद्धत गुणांची होती. खर्च किती, परतावा किती वर्षांत, जोखीम किती, उद्दिष्टाशी नातं किती, प्रत्येकाला वजन, आणि शेवटी बेरीज. छोट्या बदलांना हे छान लागू पडतं, कारण त्यांचे आकडे माहीत असतात. पण याच तक्त्यात आमचा सेन्सरचा प्रकल्पही घातला. बेअरिंगचं कंपन आणि तापमान मोजून पंप बिघडण्याआधी कळवायचं, अशी कल्पना. वर्षाचं शुल्क घेऊन पंप चालू ठेवण्याच्या उद्दिष्टाचा सगळा भार हिच्यावर होता. तक्त्यात ती ३१ वी आली. परताव्याचा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता म्हणून विक्रीने सावधपणे छोटा लिहिला, डिझाइनने जोखीम जास्तीत जास्त लिहिली, आणि बेरजेने आपलं काम केलं.

मी त्या संध्याकाळी थांबून दोघांशी वाद घातला. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये घट्ट चिकटणारा गोंद शोधताना अगदी हलका चिकटणारा गोंद सापडला. आर्ट फ्राय यांना त्याचा उपयोग १९७४ च्या सुमाराला सुचला. पोस्ट-इटच्या चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या १९८० मध्ये. बारा वर्षं. परताव्याच्या रकान्यात १९६८ साली काय लिहिलं असतं? बाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, अपवादाला वेगळी वाट दिली की प्रत्येक जण आपल्या प्रकल्पाला नवोन्मेष म्हणू लागतो. हा धोका खरा आहे, मी तो नाकारत नाही.

तोडगा त्या गृहस्थांनी काढला, आणि आठ महिन्यांतला माझा सर्वात आवडता आठवडा तो. रीटा मॅकग्राथ आणि इयन मॅकमिलन यांनी १९९५ मध्ये मांडलेली पद्धत त्यांनी आणली. जिथे माहितीपेक्षा अंदाज जास्त आहेत, तिथे आधी यशाचा आकडा ठरवायचा, मग तो खरा ठरायला काय काय खरं असावं लागेल ते लिहायचं, आणि पैसे त्या गृहीतकांच्या तपासणीला द्यायचे, एकेका टप्प्यापुरते. सेन्सरच्या प्रकल्पाची १४ गृहीतकं निघाली. सगळ्यात स्वस्तात तपासता येणारं आणि चुकलं तर सगळं कोसळेल असं गृहीतक पहिलं घ्यायचं.

आमचं पहिलं होतं: ग्राहक आपल्या पंपाची माहिती कारखान्याबाहेर जाऊ देईल. हे तपासायला एकही सेन्सर लागत नाही. आम्ही परवानगीच्या पत्राचा मसुदा केला आणि सहा ग्राहकांकडे सहीसाठी घेऊन गेलो. "तुम्हाला चालेल का" असं विचारलं असतं तर सगळे हो म्हणाले असते. सहीची वेळ आली तेव्हा चौघांनी नकार दिला. तीन आठवड्यांत, डिझाइनचा एकही तास न वापरता, आम्हाला कळलं की मूळ कल्पना तशीच चालणार नाही. मग ती बदलली: मोजमाप कारखान्यातल्याच संगणकावर राहील, आमच्याकडे फक्त इशारा येईल. नकार देणाऱ्या चौघांपैकी तिघांनी या नव्या पत्रावर सही केली.

दुसरं गृहीतक होतं की बेअरिंग जाण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनात फरक दिसेल. हे तपासायला झिजलेलं बेअरिंग घातलेला पंप अनेक दिवस सलग चालवावा लागतो. म्हणजे टेस्ट बेड लागतो. फ्लँज, सील आणि मोटरच्या नमुन्यांनी तो अडलेला होता. २१ प्रकल्प थांबवण्याचा खरा उपयोग मला इथे कळला. पैसे वाचले हे दुय्यम होतं. टेस्ट बेडपुढची रांग अकरावरून चारवर आली आणि नव्या कामाला जागा झाली. कल्पना आमच्याकडे दोन वर्षांपासून होती, तपासायला जागा नव्हती. नवोन्मेषासाठी वेगळा विभाग, वेगळा निधी, कल्पनांची पेटी हे सगळं मी बैठकांतून ऐकलं आहे. गर्दीचं यंत्र कोणतं आणि त्याच्यापुढे कोण उभं आहे, हे मात्र या गृहस्थांआधी मला कोणी विचारलं नव्हतं.

सॉफ्टवेअर घेऊ नका. हे मी स्पष्ट लिहिते. लाल, पिवळा, हिरवा अशा रंगांचा फलक होता, दिसायला सुरेख. तिसऱ्या महिन्यापर्यंत लोक तो भरत होते, मग शुक्रवारी दुपारी घाईने भरू लागले, मग सगळं हिरवं दिसू लागलं. एकदा एक प्रकल्प सलग सात आठवडे हिरवा होता आणि आठव्या आठवड्यात थेट लाल झाला. त्यापेक्षा तो एक पानाचा कागद भिंतीवर लावून त्याच्यापुढे उभ्याने घेतलेली अर्ध्या तासाची बैठक आम्हाला कितीतरी उपयोगी पडली. रंग काय आहे ते तिथे कोणी विचारत नाही. कोणतं गृहीतक तपासलं आणि काय निघालं, ते विचारतात.

आणखी एक तक्रार. आमचे वित्तप्रमुख आठपैकी तीनच मासिक बैठकांना आले. त्यांना यायला भाग पाडणं हे आमचं काम होतं, पण मार्गदर्शकांनी दुसऱ्या महिन्यातच ठणकावून सांगायला हवं होतं की ते नसतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही. परिणाम असा झाला की प्रकल्पांची निवड नव्या पद्धतीने आणि बजेट मात्र जुन्या पद्धतीने, वर्षातून एकदा, विभागवार. तिमाहीत थांबवलेल्या प्रकल्पाचे पैसे त्याच विभागात अडकून राहिले आणि सेन्सरच्या पुढच्या टप्प्यासाठी मला वेगळी मंजुरी मागत फिरावं लागलं. हा गुंता अजून पूर्ण सुटलेला नाही. करार करण्याआधी सल्लागारांना विचारा की पैशांचं वाटप वर्षाच्या मधे बदलण्याबद्दल ते काय करणार. उत्तर गुळमुळीत आलं तर थांबा. मागच्या ग्राहकाकडे त्यांनी किती प्रकल्प बंद करवले तेही विचारा. फक्त नव्या सुरू केलेल्या प्रकल्पांबद्दल भरभरून बोलणाऱ्यांपेक्षा या प्रश्नाचं नेमकं उत्तर देणारे मला जास्त विश्वासाचे वाटतात.

दहा-पंधराच प्रकल्प असणाऱ्या छोट्या कंपनीला एवढ्या लांब सेवेची गरज नाही. चिठ्ठ्यांची भिंत, तो भागाकार आणि एका पानाचा कागद यांनी काम भागेल. आमच्याएवढ्या किंवा मोठ्या कंपनीला, विभागप्रमुख एकमेकांपुढे हटायला तयार नसतील तर, पहिले चार महिने घ्यावेत असं मी म्हणेन. उरलेल्या चार महिन्यांत आम्हाला नवीन फार थोडं मिळालं. मला पाचात गुण द्यायचे तर साडेतीन देईन, आणि त्यातले दोन एकट्या त्या भिंतीचे.

सेवा संपून पाच महिने झाले. मागच्या आठवड्यात आम्ही दुसरी तिमाही बैठक स्वतःच्या बळावर घेतली. चालू प्रकल्प २४ आहेत, त्यातले सात देखभाल-सेवेच्या उद्दिष्टाचे. सेन्सरच्या दुसऱ्या गृहीतकाचा निकाल आला आहे: झिजलेल्या बेअरिंगने इशारा १४ दिवस आधी दिला नाही, नऊ दिवस आधी दिला. प्रकल्पाचा नवा प्रमुख, केसिंगवाला तोच तरुण, हे सांगताना जरा धास्तावला होता. सेवा विभागाच्या प्रमुखांनी लगेच विचारलं की बेअरिंग गोदामातून ग्राहकाकडे पोचून बसवायला किती दिवस लागतात. नोंदी काढल्या, जास्तीत जास्त सहा दिवस. म्हणजे नऊ पुरतात, निदान या एका बेअरिंगच्या बाबतीत. आता हेच जास्त भारावर चालवून बघायचं आहे. सोमवारपासून दोन आठवडे टेस्ट बेड त्याच्या नावावर लिहिलेला आहे.